जुना संगणक आणि बिनतारी जाळे

अनेक शाळांत एक जुना संगणक असतो. त्याच्यावर कापडी अभ्रा घातलेला असतो आणि प्रश्नपत्रिका किंवा दाखले छापण्यापुरता तो अधूनमधून सुरू केला जातो. शाळेच्या कार्यालयात आता बिनतारी जाळे, म्हणजे वाय-फाय आलेले असते. खिशातला फोन त्या जाळ्याला आपोआप जोडला जातो, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा हा टेबलावरचा संगणक मात्र बाजूलाच राहतो. मग कोणीतरी बाजारातून बोटाच्या पेराएवढे एक उपकरण आणून संगणकाच्या यूएसबी खाचेत बसवते. कधी जाळे लागते, कधी लागत नाही. लागले नाही की 'यंत्र जुने झाले' असा निकाल देऊन संगणक भंगारात काढला जातो.

हा निकाल नेहमीच बरोबर असतो का? तो तपासायचा तर आधी एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. संगणक एका काळातला, राऊटर दुसऱ्या काळातला, दोघांचे कारखाने वेगळे, देश वेगळे. मग त्यांना एकमेकांची भाषा मुळात कळतेच कशी? याचे उत्तर कुठल्याही एका यंत्राच्या पोटात सापडत नाही. ते गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत वैज्ञानिकांनी आणि अभियंत्यांनी आपसांत केलेल्या करारांत आहे. म्हणून आपण या करारांचा इतिहास पाहू आणि मग पुन्हा आपल्या जुन्या संगणकाकडे वळू.

बेटांवरचे विद्यापीठ

प्रशांत महासागरातील हवाई हा बेटांचा समूह आहे. तेथील विद्यापीठाचा मुख्य परिसर ओआहू बेटावर होनोलुलूजवळ आणि संलग्न महाविद्यालये वेगवेगळ्या बेटांवर. १९६८ मध्ये विद्यापीठाचा मोठा संगणक मुख्य परिसरात होता. दूरच्या लोकांना तो वापरायचा तर टेलिफोनच्या तारा भाड्याने घ्याव्या लागत. या तारा महाग होत्या आणि त्यांच्यावर भरवसाही ठेवता येत नसे. विद्यापीठातील प्राध्यापक नॉर्मन अब्रॅम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा विचारले, की तारांऐवजी रेडिओ लहरी का वापरू नयेत?

अडचण लहरींची नव्हती, गर्दीची होती. एकाच वारंवारतेवर दोन केंद्रे एकाच वेळी बोलू लागली, तर दोघांचेही संदेश एकमेकांत मिसळून बिघडतात. यावर दोन उपाय माहीत होते. प्रत्येकाला वेगळी वारंवारता द्यायची, किंवा प्रत्येकाची पाळी ठरवून द्यायची. पण संगणकापुढे बसलेला माणूस बराच वेळ विचार करतो, मध्येच चार अक्षरे टंकित करतो आणि पुन्हा थांबतो. त्याच्यासाठी राखून ठेवलेली वारंवारता किंवा पाळी बहुतेक वेळ वायाच जाते.

अब्रॅम्सन यांच्या गटाने तिसरा मार्ग धरला आणि तो वरवर पाहता बेशिस्तीचा होता. ज्याला बोलायचे असेल त्याने लगेच बोलावे! संदेशाचे लहान पाकीट करावे, त्यावर आपला पत्ता आणि चुका ओळखण्यासाठी काही जादा बिट घालावेत आणि पाठवून द्यावे. मुख्य केंद्राला पाकीट नीट मिळाले तर ते पोच देईल. ठरावीक वेळेत पोच आली नाही, तर दुसऱ्या कोणाच्या पाकिटाशी टक्कर झाली असे समजावे, थोडे थांबावे आणि तेच पाकीट पुन्हा पाठवावे. किती थांबावे? येथेच खरी युक्ती आहे. थांबण्याचा वेळ प्रत्येकाने यदृच्छेने निवडायचा. दोघेही सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेलीच!

या योजनेला 'अलोहा' हे नाव मिळाले. हवाईच्या भाषेत भेटताना आणि निरोप घेताना हाच शब्द वापरतात. जून १९७१ मध्ये हे जाळे सुरू झाले. केंद्राकडे येणारे संदेश सुमारे ४०७ मेगाहर्ट्झवर आणि केंद्राकडून जाणारे सुमारे ४१३ मेगाहर्ट्झवर असत. एका पाकिटात जास्तीत जास्त ८० अक्षरे मावत. रेडिओवरची ये-जा सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला हवाईच्या लोककथांतील कष्टाळू बुटक्यांवरून 'मेनेह्यूने' असे नाव दिले होते. आजच्या राऊटरचा पूर्वज म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येईल.

फाशांचा खेळ

अशा बेशिस्तीतून काम होते तरी किती? हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. सहा विद्यार्थ्यांना एकेक फासा द्या. शिक्षकांनी टाळी वाजवली की सर्वांनी एकदम फासे टाकायचे. ज्याला एक पडेल त्याने आपले नाव मोठ्याने उच्चारायचे. एकच नाव ऐकू आले तर संदेश पोचला. दोन-तीन नावे एकदम आली तर टक्कर झाली. कोणीच बोलले नाही तर ती टाळी फुकट गेली. फळ्यावर तीन रकाने करून शंभर टाळ्यांचा हिशोब ठेवा.

संभाव्यतेचे गणित सांगते, की सुमारे ४० टाळ्यांना संदेश पोचेल, सुमारे ३३ टाळ्या रिकाम्या जातील आणि सुमारे २६ टाळ्यांना टक्कर होईल. आता फाशाऐवजी नाणे वापरा आणि छाप पडणाऱ्याने बोलायचे असे ठरवा. शंभरांपैकी जेमतेम नऊ संदेश पोचतील. म्हणजे बोलण्याची उत्सुकता वाढली तर पोचणारे संदेश वाढत नाहीत, उलट घटतात. आणि सगळेच फार भिडस्त झाले तर वेळ रिकामा जातो. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी इष्टतम बिंदू असतो.

या खेळात टाळीमुळे सर्वांच्या बोलण्याची सुरुवात एकाच क्षणी होते. मूळ अलोहात टाळी नव्हती. त्यामुळे एकाचे पाकीट संपत असताना दुसऱ्याचे सुरू झाले तरी दोन्ही बिघडत. या पद्धतीत उपलब्ध वेळेपैकी फार तर १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागतो, असे अब्रॅम्सन यांनी गणिताने दाखवले. पुढे १९७२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी टाळीची कल्पना सुचवली, म्हणजे वेळेचे समान तुकडे पाडायचे आणि तुकड्याच्या आरंभीच बोलायचे. एवढ्याने ही मर्यादा बरोबर दुप्पट, ३६.८ टक्के झाली. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना 'ई' ही संख्या केवळ पुस्तकात भेटते. १८.४ टक्के म्हणजे १ भागिले २ई आणि ३६.८ टक्के म्हणजे १ भागिले ई, हे त्यांना सांगितले तर तिची एक जिवंत ओळख होईल.

आकाशातून तारेत

आता आपल्या जुन्या संगणकाच्या मागची बाजू पाहू. टेलिफोनच्या जोडणीसारखी दिसणारी, पण थोडी रुंद अशी एक चौकोनी खाच तेथे बहुधा असते. ही ईथरनेटची जोडणी. तारेचे हे जाळे बिनतारी जाळ्याच्या आधीचे, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे.

अमेरिकेतील तरुण अभियंते रॉबर्ट मेटकाफ यांच्या वाचनात १९७२ मध्ये अब्रॅम्सन यांचा अलोहावरील शोधनिबंध आला. त्यातील गणितात त्यांना सुधारणेला जागा दिसली. पुढच्याच वर्षी झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात काम करताना त्यांनी तीच कल्पना एका जाड तारेत उतरवली. २२ मे १९७३ च्या टिपणात त्यांनी तिला 'ईथर'चे नाव दिले. प्रकाशाच्या लहरी ज्यातून जातात असे एकोणिसाव्या शतकातील वैज्ञानिक मानत, तो हा ईथर. मायकेलसन आणि मोर्ली यांच्या १८८७ च्या प्रयोगाने ज्याच्या अस्तित्वाला धक्का दिला, तो पदार्थ संगणकाच्या तारेत नावापुरता का होईना, पुन्हा अवतरला!

मेटकाफ आणि त्यांचे सहकारी डेव्हिड बॉग्ज यांच्या जाळ्यात प्रत्येक संगणक बोलण्याआधी तारेवर दुसरे कोणी बोलत आहे का, हे ऐकत असे. बोलताना टक्कर झाली तर ताबडतोब थांबत असे. पुन्हा पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची कमाल मर्यादा दर वेळी दुप्पट केली जात असे. सभेत बोलणारा शहाणा माणूस याहून वेगळे काय करतो?

या पद्धतीबरोबर आलेली आणखी एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. ईथरनेटच्या १९८० च्या मसुद्यात प्रत्येक जोडणीला ४८ बिटांचा स्वतःचा पत्ता देण्याची सोय होती. पुढे वाय-फायनेही हीच पत्त्याची पद्धत घेतली. तारेतले पाकीट हवेत आणि हवेतले तारेत सहज जाऊ शकते ते त्यामुळे. आपल्या जुन्या संगणकाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

लहरी कोणाच्या?

तारेचे जाळे घराघरांत, कार्यालयांत पसरले, पण बिनतारी जाळे मात्र मागे राहिले. त्याचे कारण भौतिकशास्त्रात नव्हते, कायद्यात होते. रेडिओ लहरींचा पट्टा सरकारच्या ताब्यात असतो आणि परवान्याशिवाय त्यात कोणाला प्रक्षेपण करता येत नाही. घरातला प्रत्येक संगणक हे एक प्रक्षेपण केंद्र ठरले असते.

याला एक अपवाद होता. १९४७ मध्ये अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतील उपकरणांसाठी, विशेषतः तापवण्याच्या कामासाठी, बाजूला ठेवले गेले. मायक्रोवेव्ह भट्टी यांपैकीच २४५० मेगाहर्ट्झवर चालते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाण्याच्या रेणूंचे अनुनादन नेमके याच वारंवारतेला होते म्हणून ती निवडली, असे सांगितले जाते. ते खरे नाही. द्रवरूप पाणी फार मोठ्या पट्ट्यातील लहरी शोषते आणि सामान्य तापमानाला हे शोषण याहून कितीतरी वरच्या वारंवारतेला सर्वाधिक असते. २४५० चा आकडा निसर्गाने दिलेला नाही. माणसांनी बसून ठरवलेला तो एक करार आहे.

भट्ट्यांच्या गोंगाटामुळे हे पट्टे संदेशवहनाला निरुपयोगी समजले जात. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने मे १९८५ मध्ये वेगळा निर्णय घेतला. या पट्ट्यांत कमी शक्तीची, संदेश रुंद पट्ट्यात पसरून पाठवणारी उपकरणे परवान्याशिवाय वापरायला त्याने मुभा दिली. आयोगातील अभियंते मायकेल मार्कस यांनी या निर्णयाचा पाठपुरावा केला होता. इतरांनी टाकून दिलेल्या पडीक जमिनीवर वस्ती उभी राहावी तसे हे झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये. आज घरात राऊटर लावताना कोणाकडे अर्ज करावा लागत नाही, ते या निर्णयामुळे.

भट्टीच्या उल्लेखाने पालकांना काळजी वाटेल, म्हणून एक तुलना देतो. भट्टीची शक्ती ७०० ते १००० वॅट असते आणि ती एका बंद पेटीत कोंडलेली असते. घरातला राऊटर साधारणपणे एक दशांश वॅटच्या आसपास प्रक्षेपण करतो आणि तेही चारी दिशांना.

समिती बसली

परवानगी मिळताच अनेक कंपन्यांनी आपापली बिनतारी जोडणी काढली. एनसीआर ही दुकानांतील गल्ल्याची यंत्रे बनवणारी कंपनी. दुकानाची मांडणी बदलली की तारा उखडून पुन्हा टाकाव्या लागत, म्हणून तिच्या नेदरलँड्समधील अभियंत्यांनी 'वेव्हलॅन' नावाची पद्धत तयार केली. पण एका कंपनीचे कार्ड दुसऱ्या कंपनीच्या कार्डाशी बोलत नसे. असे किती दिवस चालणार?

१९९० मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.११ नावाची समिती नेमली. एनसीआरचेच व्हिक हेज दहा वर्षे तिचे अध्यक्ष होते. पहिले मानक संमत व्हायला १९९७ साल उजाडले. त्याचा वेग सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट होता. सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच्या दोन सुधारित आवृत्त्या निघाल्या. '८०२.११बी' २.४ गिगाहर्ट्झवर ११ मेगाबिटपर्यंत चाले आणि '८०२.११ए' ५ गिगाहर्ट्झवर ५४ मेगाबिटपर्यंत. त्याच वर्षी कंपन्यांनी एकत्र येऊन यंत्रांची परस्परांशी चाचणी घेणारी संघटना काढली. अवघड क्रमांकाऐवजी सोपे नाव हवे म्हणून एका जाहिरात-सल्लागार कंपनीकडून 'वाय-फाय' हा शब्द तयार करून घेतला. हे कशाचेही संक्षिप्त रूप नाही. विद्यार्थ्यांना अनेकदा तसे सांगितले जाते, म्हणून मुद्दाम नोंदवतो. जुलै १९९९ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या संगणकासाठी ९९ डॉलरला बिनतारी कार्ड विक्रीला आणले आणि बिनतारी जाळे घरात शिरले.

भिंतींचे प्रतिध्वनी

वेग वाढवताना एक जुनाच शत्रू आडवा आला, तो म्हणजे प्रतिध्वनी. खोलीतील लहरी सरळ मार्गाने पोचतात, तशाच भिंती, छत, कपाटे यांवरून परावर्तित होऊनही पोचतात. एखाद्या परावर्तित लहरीचा मार्ग ३० मीटरने लांब असेल तर ती एक दशांश मायक्रोसेकंद उशिरा येते. हा उशीर क्षुल्लक वाटेल. पण सेकंदाला ५४ मेगाबिट एकामागून एक पाठवले, तर एका बिटाला मायक्रोसेकंदाचा पन्नासावा भागही मिळत नाही. म्हणजे प्रतिध्वनी पाच बिटांनंतरच्या बिटावर येऊन आदळतो. घुमणाऱ्या सभागृहात भराभर बोलणाऱ्या वक्त्याचे जे होते, तेच येथे होते.

ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर तोडगा काढला. ओ'सलिव्हन हे मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. सूक्ष्म कृष्णविवरे फुटतात असे भाकीत स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये केले होते. त्या स्फोटांचे क्षणिक रेडिओ संकेत ओ'सलिव्हन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शोधून पाहिले. ते सापडले नाहीत. परंतु या आणि अशा कामांतून विस्कटलेला संकेत फूरिए रूपांतराने वेगवेगळ्या वारंवारतांत मांडून पुन्हा नीट करण्याचे तंत्र त्यांच्या हातात बसले. पुण्याजवळ नारायणगाव-खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीतही, तीस अँटेनांकडून आलेल्या संकेतांवर हेच रूपांतर सतत चालू असते.

बिनतारी जाळ्यात त्याचा उपयोग असा. एका वेगवान प्रवाहाऐवजी शेजारशेजारच्या अनेक वारंवारतांवर सावकाश चालणारे अनेक प्रवाह सोडायचे. ८०२.११ए मध्ये असे ५२ उपप्रवाह असतात. प्रत्येकावरचे एक चिन्ह ४ मायक्रोसेकंद टिकते आणि त्यातला ०.८ मायक्रोसेकंद केवळ प्रतिध्वनी विरून जाण्यासाठी राखलेला असतो. एवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते. घरातले प्रतिध्वनी त्याच्या आत शांत होतात. अनेक वाहक लहरींची ही कल्पना त्याआधीची आहे. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट चँग यांनी ती १९६६ मध्ये मांडली होती. सीएसआयआरओच्या गटाने तिला चुका सुधारण्याच्या तंत्राची जोड देऊन ती घरातल्या परिस्थितीला लागू केली. त्यांच्या कामाला जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. २००३ च्या '८०२.११जी' या मानकाने हीच पद्धत २.४ गिगाहर्ट्झवर आणली.

चित्रपट अभिनेत्री हेडी लामार यांनी वाय-फायचा शोध लावला असेही वाचायला मिळते. त्यांना आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ऑगस्ट १९४२ मध्ये वारंवारता सतत बदलत संदेश पाठवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले, हे खरे आहे. पाणतीराला दिलेला संदेश शत्रूने बिघडवू नये, हा त्याचा हेतू होता. १९९७ च्या मानकात वारंवारता बदलण्याचा एक पर्याय होताही. पण पुढे जे वाय-फाय पसरले, ते दुसऱ्या पद्धतीवर चालते. कर्तृत्वाचे श्रेय द्यावे, पण ते जेवढे आहे तेवढेच द्यावे.

आता आपला संगणक

एवढा इतिहास हाताशी घेऊन आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. नवा राऊटर आणि जुने कार्ड एकमेकांना ओळखतात, कारण समितीने प्रत्येक नव्या मानकात जुन्यासाठी जागा ठेवली. २.४ गिगाहर्ट्झवरचा आजचा राऊटर नव्या यंत्राला वेगवान पाकीट पाठवतो, तेव्हा त्या पाकिटाचे पहिले २० मायक्रोसेकंद जुन्या, ८०२.११जी च्या भाषेत असतात. 'मी अमुक इतका वेळ बोलणार आहे' एवढे त्यातून जुन्या यंत्राला कळते आणि ते तेवढा वेळ गप्प राहते. पुढचा मजकूर त्याला कळत नाही, पण सभेची शिस्त मात्र कळते.

या सौजन्याची किंमतही द्यावी लागते. १५०० अक्षरांचे, म्हणजे १२,००० बिटांचे एक पाकीट ५४ मेगाबिटच्या वेगाने सुमारे ०.२२ मिलिसेकंदात जाते. तेच १ मेगाबिटच्या वेगाने पाठवले तर १२ मिलिसेकंद लागतात. हवा सर्वांची एकच असल्याने तेवढा वेळ बाकीचे खोळंबतात. म्हणून काही ठिकाणी राऊटरमधून सर्वांत जुन्या मानकाचे वेग बंद केलेले असतात. तसे असेल तर १९९९ च्या पिढीचे कार्ड जोडले जाणार नाही. त्यानंतरच्या पिढीचे मात्र जोडले जाईल.

मग जाळे लागत नाही ते कशामुळे? नेहमी आढळणारी कारणे अशी.

पहिले कारण पट्ट्याचे. स्वस्त आणि जुनी उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतात. राऊटर ५ गिगाहर्ट्झवरच चालू ठेवला असेल तर त्यांच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. शिवाय अमेरिकी बाजारासाठी बनलेली उपकरणे १ ते ११ एवढ्याच वाहिन्या पाहतात. राऊटर १२ किंवा १३ वर असेल तर तो त्यांना दिसत नाही. राऊटर १, ६ किंवा ११ वर ठेवला की हा प्रश्न सुटतो.

दुसरे कारण कुलपाचे. सुरुवातीच्या काळातले डब्ल्यूईपी हे कूटलेखन कच्चे असल्याचे २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी दाखवून दिले. त्याच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आले. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. जुन्या यंत्राला नवे कुलूप उघडता येत नसेल, तर जाळ्याचे नाव दिसते, पण प्रवेश मिळत नाही. अशा वेळी एका संगणकासाठी सगळ्या शाळेचे कुलूप कच्चे करू नये.

तिसरे कारण ड्रायव्हरचे, म्हणजे कार्यप्रणाली आणि उपकरण यांच्यामधल्या दुभाष्याचे. नव्या उपकरणाचा जुन्या कार्यप्रणालीसाठी दुभाष्या बहुधा कोणी लिहीतच नाही.

या तिन्हींवर मात करणारा एक सोपा मार्ग आहे आणि तो मेटकाफ यांच्या तारेतून जातो. ईथरनेटची खाच असलेला छोटा बिनतारी विस्तारक, ज्याला 'ब्रिज' म्हणून वापरता येते, तो राऊटरचे जाळे हवेतून पकडतो आणि संगणकाला साध्या तारेने जोडतो. पट्टा, वाहिनी, कुलूप हे सगळे तो सांभाळतो. संगणकाला वाटते, आपण तारेच्या जाळ्यावरच आहोत. त्याला बिनतारीचा दुभाष्या लागत नाही, कारण ईथरनेटचा दुभाष्या त्याच्याकडे पूर्वीपासून असतो. ४८ बिटांचा तो समान पत्ता येथे उपयोगी पडतो.

एवढे झाले तरी एक गोष्ट विसरून चालणार नाही. जाळे लागले म्हणजे यंत्र सुरक्षित झाले असे नव्हे. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार किंवा विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती ठेवू नये. एक्सपीच्या काळातल्या ब्राउझरला आजची बहुतेक संकेतस्थळे उघडतही नाहीत, कारण त्यांचे कूटलेखन त्याला येत नाही. ज्यांचे अद्ययावत काम चालू आहे अशा लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवर चालतात आणि त्यांना किंमत पडत नाही. त्या बसवल्या तर हाच संगणक विश्वकोश वाचायला, गणिताची साधने वापरायला, टंकलेखन शिकायला अनेक वर्षे पुरेल.

'यंत्र जुने झाले' या वाक्याचा अर्थ आता आपल्याला सुटा करून सांगता येतो. लहरी जुन्या होत नाहीत. मानक सहसा जुन्याला वाऱ्यावर सोडत नाही. बहुतेक वेळा संपलेला असतो तो कुलूप बदलण्याचा आणि दुभाष्या लिहिण्याचा कोणाचा तरी उत्साह. यातले काय शाळेत सुधारता येईल आणि काय येणार नाही, हे तपासल्यावरच संगणक भंगारात द्यायचा की नाही ते ठरवावे. तपासण्याचे काम नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडे सोपवले तर अधिक चांगले. फाशांचा खेळ खेळलेली मुले राऊटरच्या वाहिन्या पाहतील, तेव्हा त्यांना ते आकडे अनोळखी वाटणार नाहीत.